न्यू जर्सीतली 'अलायन्स' वसाहत: शेती संपली, मग स्थापनादिन कशाचा?

दक्षिणजर्सीकर
मंडळी, आमच्याकडून केप मेच्या समुद्रावर जायचं तर रूट ५५ पकडतात. वाटेत व्हाइनलँड लागतं. त्याच्या पश्चिमेला, सेलम काउंटीतल्या पिट्सग्रोव्हमध्ये 'अलायन्स' नावाची ज्यू शेतकऱ्यांची वसाहत होती. इथल्या मराठी मंडळींपैकी फारच थोड्यांना ती माहीत असेल, म्हणून आधी थोडक्यात हकिगत.

मार्च १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बस्फोटात मारला गेला. त्याचं खापर ज्यूंवर फुटलं आणि आजच्या युक्रेनच्या भागात गावोगाव दंगली उसळल्या. पुढच्याच वर्षीच्या 'मे कायद्यां'नी ज्यूंना खेड्यात नव्यानं वस्ती करायला आणि तिथली जमीन घ्यायला बंदी केली. हजारो लोक न्यूयॉर्कला उतरू लागले. शहरात गर्दी नको, यांना जमिनीवर बसवा, असा विचार करणाऱ्या दोन संस्था पुढे आल्या: न्यूयॉर्कची हिब्रू एमिग्रंट एड सोसायटी आणि पॅरिसची अलायन्स इस्रायलीत युनिव्हर्सेल. वसाहतीचं नाव या दुसरीवरून पडलं. १० मे १८८२ ला पहिली ४३ कुटुंबं इथे आली. जमीन रेताड, वर खुरट्या ओक आणि पाइनचं रान. प्रत्येक कुटुंबाला साधारण पंधरा एकर, तीही हप्त्यांनी फेडायच्या बोलीवर. घरं होईपर्यंत सगळे लाकडी लांब पडव्यांत राहिले. त्या पडव्यांना त्यांनी थट्टेनं 'कॅसल गार्डन' नाव ठेवलं. न्यूयॉर्कच्या ज्या कचेरीतून ते देशात शिरले होते, तिचं हे नाव!

आज तिथे स्मशानभूमी आहे, जुनं छोटं प्रार्थनामंदिर आहे, आसपास शेतंही आहेत, पण त्या वसाहतीतली शेती जवळपास संपली. तरी १० मे ही तारीख वंशजांनी जपली आहे. १९३२ मध्ये पन्नाशी झाली तेव्हा 'योव्हाल' नावाची स्मरणिकाही निघाली होती. सगळीकडे उल्लेख असतो तो 'अमेरिकेतली पहिली यशस्वी ज्यू शेतवसाहत' असा.

माझा प्रश्न असा. शेतीसाठी वसवलेल्या गावात दोन-तीन पिढ्यांत शेती उरली नाही, तर स्थापनादिनाला साजरं काय करायचं? मला यातला 'यशस्वी' हा शब्द पटत नाही. स्मरण जरूर करावं, उत्सव नको, असं माझं मत. तुमचं?

तिरकीट
पहिला मी! आता वाचतो.

खवचट_खंडू
तारखेप्रमाणे की तिथीप्रमाणे, ते आधी ठरवा. नाहीतर दोन मिरवणुका निघतील.

द्राक्षबागवाला
साहेब, बाकीचं नंतर. रेताड जमिनीत पहिल्या वर्षी पीक काय घेतलं? ओकची मुळं काढायची म्हणजे चेष्टा नाही. आमच्याकडे तासगावला नुसती बाभळीची खोडं उपटताना जेसीबीवाला शिव्या घालतो. यांच्याकडे तर जेसीबी सोडा, आल्या आल्या बैल तरी होते का?

दक्षिणजर्सीकर
@द्राक्षबागवाला, पहिल्या उन्हाळ्यात स्वतःच्या जमिनीतून हातात पडण्यासारखं काहीच नव्हतं. रान तोडायचं, खोडं काढायची, आणि पोटासाठी शेजारच्या अमेरिकन शेतकऱ्यांकडे बेरी तोडायला मजुरीनं जायचं. गंमत म्हणजे शेतीचं खरं शिक्षण त्या मजुरीतच झालं. पुढे त्या रेताड जमिनीत स्ट्रॉबेरी, द्राक्षं आणि मुख्य म्हणजे रताळी चांगली यायला लागली.

वांगीभरीत
रताळी! म्हणजे एकादशीची सोय झाली.

अभ्यासू_अण्णा
'यशस्वी' शब्दावर धागालेखक जरा घाईनं निकाल देताहेत. कशाच्या तुलनेत यशस्वी ते आधी बघा. त्याच सुमाराला अमेरिकेत अशा वसाहतींचं पेव फुटलं होतं. लुइझियानातल्या सिसिली आयलंडची वसाहत १८८२ च्या वसंतात मिसिसिपीच्या पुरानं धुऊन नेली, म्हणजे वर्षभरसुद्धा टिकली नाही. कोलोरॅडोत कोटोपॅक्सी नावाच्या ठिकाणी लोकांना डोंगरातल्या खडकाळ जमिनीवर नेऊन सोडलं. १८८४ पर्यंत तिथला गाशा गुंडाळला. ऑरेगॉनमधल्या 'न्यू ओडेसा'त तरुण समाजवादी पोरं एकत्र स्वयंपाक, एकत्र कमाई अशा आदर्शांनी राहिली. रेल्वेला लाकूड विकून पाच वर्षं तग धरला, १८८७ ला मोडलं. डाकोटातल्या वसाहतींची गतही निराळी नाही. या सगळ्यांत अलायन्स पन्नाशीची स्मरणिका काढण्याइतकी जगली! एवढ्यावर मी तिला यशस्वी म्हणेन.

ती का टिकली, यातही फार गूढ नाही. रेल्वे दाराशी होती, आणि फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कचा बाजार एका रात्रीत गाठता येत होता. स्ट्रॉबेरी डाकोटातून कुठे पाठवणार?

दुसरी एक गोष्ट. 'ज्यूंनी कधी शेती केलीच नव्हती' हे वाक्य या विषयावर हमखास येतं, म्हणून आधीच सांगतो. आजच्या युक्रेनमधल्या खेरसोनच्या गवताळ प्रदेशात १८०७ पासून सरकारनंच वसवलेल्या ज्यू शेतवसाहती होत्या. अलायन्सला आलेले बहुतेक लोक शहरी होते हे खरं, पण ज्यू शेतकरी ही कल्पना त्यांना नवी नव्हती.

कुहू
अण्णा, छान माहिती. पण रेल्वे आणि बाजार सांगितलात, बायका राहिल्या. या वसाहतीत हिवाळ्यात घरोघरी शिवणकाम चालायचं. फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कहून कापलेले कपडे यायचे, बायका-पोरं शिवून परत पाठवायची. शेजारच्या ब्रॉटमनव्हिल गावाचं नावच मुळी ब्रॉटमन नावाच्या कपडे कारखानदारावरून पडलंय. कर्जाचे हप्ते रताळ्यांनी फेडले की सुईदोऱ्यानं, याचा हिशोब कुणी मांडला तर 'शेतवसाहत' या नावाचंच काय होईल कोण जाणे.

ज्या शिवणकामाच्या कोंदट खोल्यांतून माणसांना बाहेर काढायला म्हणून शेती दिली, तेच शिवणकाम मागच्या दारानं शेतात आलं. स्थापनादिनाच्या भाषणात हे कुणी सांगतं का?

दक्षिणजर्सीकर
@कुहू, सांगतात की नाही माहीत नाही, पण सांगायला पाहिजे. माझ्या मूळ प्रश्नाला हेच सगळ्यात जवळ जाणारं उत्तर आहे.

तिरकीट
शेतीला जोडधंदा पाहिजे, हे आमचे कृषी अधिकारी गेली कित्येक वर्षं ओरडून सांगताहेत. यांनी १८८२ लाच ऐकलं.

मृद्गंध_७८
माझा विषय माती, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. अलायन्सच्या आग्नेयेला केप मे काउंटीत 'वुडबाइन' आहे. ती वसाहत १८९१ ची, बॅरन हिर्श या धनाढ्य ज्यू दात्याच्या निधीतून, ५,३०० एकर जमीन घेऊन वसवलेली. दोन्हींत फरक आहे. अलायन्स म्हणजे जीव वाचवायला आलेल्या लोकांना कशीबशी दिलेली जागा, तर वुडबाइन हा आखलेला प्रकल्प. प्रमुख हिर्श साब्सोविच स्वतः कृषिरसायनाचे जाणकार. त्यांनी तिथे शेतकी शाळा काढली. ज्यू मुलांसाठी अशी शाळा अमेरिकेत तोवर नव्हती.

या वुडबाइनला १८९१ मध्ये जेकब लिपमन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आपल्या कुटुंबाबरोबर आला. तो पुढे रटगर्स विद्यापीठात शिकला, तिथेच मृदाजीवाणूशास्त्र उभं केलं, न्यू जर्सीच्या कृषी प्रयोगकेंद्राचा संचालक झाला आणि १९१६ मध्ये 'सॉइल सायन्स' हे नियतकालिक सुरू केलं. आम्ही आजही ते वाचतो. त्याच्याच हाताखाली सेलमन वाक्समन शिकला. वाक्समनच्या प्रयोगशाळेत १९४३ मध्ये मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध!

त्या रेताड जमिनीनं पीक फार दिलं नसेल. पण 'ही जमीन नापीक का?' हा प्रश्न ज्याच्या घरात रोज जेवणाच्या ताटावर होता, तो मुलगा मातीचा अभ्यासक झाला, याचं मला नवल वाटत नाही.

अभ्यासू_अण्णा
मृद्गंध, वाक्समनचं नाव घेतलंत तर आल्बर्ट शॅट्झचंही घ्या. ते औषध प्रत्यक्ष वेगळं काढलं त्या पोरानं, तळघरातल्या प्रयोगशाळेत. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वाक्समनला. त्याआधी शॅट्झनं कोर्टात जाऊन सहसंशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीतला वाटा मिळवला होता. आणि तुमच्या विषयाला धरूनच सांगतो: शॅट्झही कनेक्टिकटमधल्या ज्यू शेतकरी कुटुंबातला. मातीचं शिक्षण घेतलं तेही शेती करायची म्हणून!

पिंपरीचा_पोरगा
अरे वा! माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. तिथे स्ट्रेप्टोमायसिन बनायचं. कॉलनीतल्या आम्हा पोरांना ते नाव पाढ्यासारखं पाठ. त्याची एक मुळी न्यू जर्सीतल्या ज्यू खेड्यात निघेल हे स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

खवचट_खंडू
वुडबाइनला आणखी एक जण जन्मला १९०३ मध्ये: ग्रेगरी पिंकस. गर्भनिरोधक गोळीच्या जनकांपैकी एक. म्हणजे एकाच खेड्यानं माणसं जगवायची आणि ती वाढू द्यायची नाहीत, अशी दोन्ही खाती सांभाळली.

वांगीभरीत
😂😂 खंडूराव, दंडवत.

कुहू
मृद्गंध, साब्सोविचांचं कौतुक ठीक. पण १८९३ ला वुडबाइनच्या शेतकऱ्यांनी करारांवरून निधीच्या व्यवस्थापकांविरुद्ध बंड केलं होतं, तेही येऊ द्या. देणगीदार शहरात, आराखडा त्यांचा, आणि रान तोडणारा माणूस बटाईदार. आपल्याकडच्या वाचकांना यातलं काहीही नवीन वाटणार नाही.

रोसारियो_रिटर्न
धान्याच्या धंद्यात असल्यामुळे काही वर्षं अर्जेंटिनात रोसारियोला होतो. त्याच सांता फे प्रांतात 'मोइसेस व्हिल' आहे. अलायन्सपेक्षा ही गोष्ट मला जास्त लागते, म्हणून जरा लांबण लावतो.

१४ ऑगस्ट १८८९ ला 'वेझर' नावाच्या जहाजातून आजच्या युक्रेनमधल्या पोडोलियातले आठशेहून जास्त ज्यू ब्यूनोस आयरेसला उतरले. त्यांनी युरोपातूनच जमिनीचा सौदा करून ठेवला होता. पोचल्यावर कळलं, ती जमीन मिळणार नाही. मग पालासिओस नावाच्या जमीनदारानं सांता फेत जागा दाखवली आणि लोक रेल्वेनं तिथे गेले. पण कबूल केलेले तंबू, अवजारं, गुरं, कशाचा पत्ता नाही! रेल्वे स्टेशनाजवळ शेडमध्ये आणि रिकाम्या डब्यांत आठवडेच्या आठवडे काढले. त्यात साथ आली आणि साठहून जास्त मुलं गेली. पेट्यांना लाकूड नव्हतं, म्हणून रॉकेलच्या पत्र्याच्या डब्यांतून मुलांना पुरलं.

त्या लोकांचे पुढारी रब्बी आरोन गोल्डमन. गावाचं नाव त्यांनी मोशेवरून 'किर्यात मोशे' सुचवलं, त्याचं मोइसेस व्हिल झालं. योगायोगानं लोवेन्थाल नावाचे डॉक्टर तिथून जात होते. त्यांनी ही दशा पाहून युरोपात अहवाल दिला, तो बॅरन हिर्शपर्यंत पोचला आणि १८९१ मध्ये हिर्शनी ज्यू वसाहतीकरणासाठी मोठी कंपनीच काढली. म्हणजे मृद्गंध ज्या वुडबाइनबद्दल सांगताहेत, त्याचा आणि याचा दाता एकच.

मी गेलो तेव्हा गावात ज्यू मूठभर उरले होते, पण सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिरं) आहेत, 'कादिमा' नावाचं नाट्यगृह आहे, संग्रहालय आहे, आणि देशातली पहिली ज्यू स्मशानभूमी. बेकरीत पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या पद्धतीचे पदार्थ करणारी बाई कॅथलिक! तिकडे एक म्हण आहे: 'आम्ही गहू पेरला आणि डॉक्टर कापले.' पोरं शिकली आणि शहरात गेली. धागालेखक ज्याला अपयश म्हणताहेत, ते तिकडचे म्हातारे हसत हसत आणि थोडं कुरकुरत सांगतात.

दक्षिणजर्सीकर
@रोसारियो_रिटर्न, लांबण कसली! रॉकेलच्या डब्यांचं वाचून सुन्न झालो.

पण म्हणीबद्दल शंका आहे. 'गहू पेरला, डॉक्टर कापले' हे ज्यांची पोरं डॉक्टर झाली त्यांनीच म्हणायचं. ज्यांचं काहीच झालं नाही ते स्थापनादिनाला येत नाहीत. अशा सोहळ्यात नेहमी उरलेल्यांचीच हजेरी लागते.

सातारी_कंदी
माफ करा, पण हा विषय मराठी संस्थळावर कशाला? इथे आपल्या गावांची स्मारकं पडताहेत, आणि आपण न्यू जर्सीच्या ज्यूंवर कीस पाडतोय.

तिरकीट
कंदी, तुम्ही पडलेल्या स्मारकावर धागा काढा, तिकडेही कीस पाडू. आमच्याकडे किसणी आहे.

नवगावची_लेक
सातारी_कंदी यांना उत्तर म्हणून नाही, पण मराठी संस्थळावर हा विषय का, याचं एक उत्तर माझ्या घरातच आहे. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. माहेर अलिबागकडचं, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते.

आमच्या पूर्वजांचं तारू कोकण किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि नवगावला लागल्या, असं आमच्यात परंपरेनं सांगतात. बाकीच्यांना तिथेच पुरलं. तिथे आता स्मारक आहे. पूर्वजांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले, जमिनी केल्या. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणायचे. अलायन्सला तारीख आहे, कुटुंबांचा आकडा आहे. आमच्याकडे ना तारीख, ना साल, ना एकाचं नाव. तरी स्मरण आहे. वर्षातून एकदा अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या जागी जायचं, मलिद्याचं ताट करायचं: गोड पोहे, खोबरं, फळं. त्याला कुणी स्थापनादिन म्हणत नाही, पण 'आम्ही इथले' हेच त्यातून म्हटलं जातं.

मग आम्ही इस्रायलला आलो आणि पुन्हा शून्यापासून वसलो. माझ्या आजोबांना वाटत होतं जमीन मिळेल. मिळालं कारखान्यातलं काम आणि वाळवंटाच्या कडेचं घर. सुरुवातीच्या वर्षांत वागणूक अशी मिळाली की काही लोक धरणं धरून १९५२ मध्ये मुंबईला परत गेले. शेतावर बसवले गेले ते जास्त करून कोचीनचे ज्यू, नेगेव वाळवंटातल्या नेवातीमसारख्या ठिकाणी. दक्षिणजर्सीकर यांच्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत: परत गेलेल्यांची तारीख कुणीच पाळत नाही.

द्राक्षबागवाला
ताई, आमच्याकडून दरवर्षी शेतकरी इस्रायल दौऱ्याला जातात. ठिबक बघून येतात, टोपी घालून फोटो काढतात. अश्दोदला मराठी बोलणारं घर आहे हे आधी माहीत असतं तर आमच्या मंडळींनी चहा तुमच्याकडेच मारला असता.

नवगावची_लेक
दादा, नुसता चहा कशाला, जेवायलाच या. फक्त शनिवार सोडून.

अभ्यासू_अण्णा
नेवातीमचा उल्लेख आला, त्यावरून स्थापनेच्या तारखेचा घोळ बघा. ते गाव पहिल्यांदा वसलं ऑक्टोबर १९४६ मध्ये. योम किप्पूर हा ज्यूंचा उपासाचा दिवस संपल्याच्या रात्री नेगेवमध्ये एकदम अकरा ठाणी उभी केली, त्यातलं एक. पुढे ते ओस पडलं आणि १९५४ मध्ये कोचीनच्या लोकांनी पुन्हा वसवलं. आता वर्धापनदिन कोणता धरायचा? इस्रायलमधल्याच पेताह टिकव्हा शहराचंही तसंच. १८७८ मध्ये जेरुसलेमच्या काही धार्मिक कुटुंबांनी यार्कोन नदीजवळ जमीन घेतली, मलेरियानं हैराण होऊन गाव सोडलं, आणि १८८२-८३ मध्ये पुन्हा डाव मांडला. शहर मात्र १८७८ च सांगतं. पहिला प्रयत्न फसला म्हणून तो कुणी पुसत नाही.

आणि तिथलंच रिशोन लेझियोन पाहा: ३१ जुलै १८८२. अलायन्सनंतर तीन महिनेसुद्धा नाहीत. दंगली त्याच, पळालेले लोक त्याच मुलखातले, हेतू तोच. आज रिशोन हे अडीच लाखांचं शहर आहे. तिथेही मूळ द्राक्षमळे इमारतींखालीच गेले! म्हणजे शेती दोन्हीकडे संपली. एका ठिकाणी शहर झालं म्हणून यश, दुसऱ्या ठिकाणी रान परत आलं म्हणून अपयश, असं म्हणायचं का?

वाटसरू_पुणे
अण्णा, पेताह टिकव्हाचं बोललात तर अर्धं बोलू नका. ती जमीन याफ्याच्या मालकांकडून विकत घेतली, पण ती कसणारी कुळं होती, शेजारी गावं होती. चराईवरून आणि हद्दीवरून १८८६ मध्ये हाणामारी झाली. स्थापनादिनाच्या केकवर हे नसतं. न्यू जर्सीतही लेनापे हे मूळनिवासी लोक आधी होतेच की.

अभ्यासू_अण्णा
मान्य. विकत घेतलेली जमीन आणि रिकामी जमीन यात फरक आहेच.

हरिश्चंद्रगड
झालं सुरू! आता पुढची दोनशे उत्तरं गाझावर. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

संपादक
वाटसरू आणि अण्णा यांचे मुद्दे विषयाला धरून आहेत, ते राहतील. आजच्या युद्धाबद्दलची चार उत्तरं वेगळ्या धाग्यावर हलवली आहेत. इथे वसाहती आणि त्यांचं स्मरण एवढंच बोलावं.

कुहू
अमेरिकेतल्या तारखेला आणखी एक जोड द्यावीशी वाटते. ६ मे १८८२ ला चिनी मजुरांना बंदी करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. चार दिवसांनी ही ४३ कुटुंबं अलायन्सला पोचली. एक दार बंद होत होतं तेव्हा दुसरं उघडं होतं. १९२४ मध्ये कायदा बदलला आणि पूर्व युरोपच्या ज्यूंवरही कोट्याची कुऱ्हाड आली. आणि आपल्याला तर त्याआधीच, १९१७ च्या कायद्यानं, दार बंद झालं होतं. दक्षिण जर्सीत आज आपण मराठी लोक घरं घेऊन राहतो ते १९६५ नंतर ती पद्धत बदलल्यामुळे. म्हणून वाटतं, हा स्थापनादिन थोडा आपलाही आहे. सातारी_कंदी, हे तुमच्यासाठी.

सातारी_कंदी
हे पटलं. आधीची कुरकुर मागे घेत नाही, पण हे पटलं.

द्राक्षबागवाला
१८८२ नंतर पुढे काय झालं ते कुणी सांगेल का? शेती संपली संपली म्हणताय, संपली कशी? भाव पडले, पाणी आटलं, की पोरांनी विकली?

मृद्गंध_७८
@द्राक्षबागवाला, ती एका झटक्यात संपली नाही. विसाव्या शतकात भाजीपाल्याकडून लोक कोंबड्यांकडे वळले, कारण अंड्यांसाठी जमीन कमी लागते आणि रेताड असली तरी चालते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेली बरीच ज्यू कुटुंबं व्हाइनलँडच्या आसपास पोल्ट्रीत आली. भाषा नाही, भांडवल थोडं, पण कोंबड्यांशी इंग्रजी बोलावं लागत नाही. १९५० च्या दशकात अंड्यांचे भाव कोसळले, खाद्य महाग झालं, दक्षिणेकडच्या राज्यांत प्रचंड मोठ्या पोल्ट्र्या उभ्या राहिल्या आणि छोट्यांचा टिकाव लागेना. त्या काळात दर पडल्यानं बुडालेली माणसं आणि आपले आजचे टोमॅटोवाले एकाच रांगेत बसतील.

मदत करणारी संस्थाही होती: १९०० ची ज्यूइश ॲग्रिकल्चरल सोसायटी. कर्ज द्यायची, फिरते शेतीतज्ज्ञ पाठवायची, आणि १९०८ पासून यिद्दिश या त्यांच्या भाषेत शेतकऱ्यांचं मासिक काढायची. खतांचं प्रमाण मातृभाषेत! आपल्याकडच्या शेतीमासिकांचा खप बघितलेल्या माणसाला त्याची किंमत कळेल.

वांगीभरीत
अवांतर: व्हाइनलँडलाच १८६९ मध्ये वेल्च नावाच्या दंतवैद्यानं द्राक्षाचा रस आंबू न देता बाटलीत भरला. चर्चमधल्या विधीला दारू नको म्हणून! दुकानात वेल्चची जांभळी बाटली दिसते ती हीच. द्राक्षबागवाले, तुमच्याकडेही कुणी दंतवैद्य असेल तर बघा.

द्राक्षबागवाला
आमच्याकडचे दंतवैद्य द्राक्ष आंबवायच्या बाजूचे आहेत.

दक्षिणजर्सीकर
सगळं वाचून माझं मत जरा सरकलंय. 'यशस्वी' शब्दावर अजून अडतो, पण 'उत्सव नको' हे मागे घेतो. अण्णांची तुलना पटली, कुहूंचं शिवणकाम त्याहून जास्त पटलं. माझ्या मते १० मे ला तीन गोष्टी एकत्र सांगाव्यात: ज्या वसाहती पुरात आणि खडकात गेल्या त्यांची नावं, हिवाळ्यातल्या सुईचा हिशोब, आणि अंड्यांचे भाव. रोपटं लावल्याचा फोटो नसला तरी चालेल.

पुढच्या महिन्यात रविवारी तिकडे जाणार आहे. वाटेत वुडबाइनच्या १८९६ च्या जुन्या सिनेगॉगमधलं संग्रहालयही बघेन. कुणी येणार का?

पिंपरीचा_पोरगा
मी एडिसनहून येतो. गाडीत दोन जागा आहेत. वुडबाइन आधी करू या, वडिलांना फोटो पाठवायचेत.

नवगावची_लेक
स्मशानभूमीत जाणार असाल तर पुरुषांनी डोकं झाकावं, टोपी चालेल. फुलं नेऊ नका. कबरीवर छोटा दगड ठेवायची रीत आहे. बाहेर पडताना हात धुवायचे, पाण्याची बाटली गाडीत असू द्या.

खवचट_खंडू
आणि १० मे हुकला तर लोकांना सांगा, आम्ही तिथीवाले.

अभ्यासू_अण्णा
खंडू, विनोद बाजूला. ज्यू पंचांगही चांद्र-सौर आहे, एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. तिथीवाल्यांची अडचण त्यांना आपल्याइतकीच माहीत आहे.

द्राक्षबागवाला
साहेब, जाताय तर एक काम करा. तिथली माती मुठीत दाबून बघा, लाडू होतो की सांडते, आणि फोटो टाका. आणि रताळ्याचं शेत दिसलं तर दोन सऱ्यांमधलं अंतर मोजा. आमच्याकडं माळावरच्या रेताड पट्ट्यात यंदा रताळी करायचा विचार आहे, घरातले वेड्यात काढताहेत.

मृद्गंध_७८
सामू (पीएच) पण बघा. तिथली माती आम्लधर्मी, चुना टाकल्याशिवाय भागत नाही. तासगावला नेमकं उलटं असेल, त्यामुळे त्यांचं खताचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. माती तपासून अहवाल इथे टाका, मग बेणं कोणतं घ्यायचं ते बोलू.